अंश-छेदातील काट : कशाला मारावी आणि कशाला मारू नये

रात्रवर्ग (धागाकर्ती)

मी परळ भागातील एका रात्रशाळेत गणित शिकवते. आमची मुले दिवसभर कामावर असतात आणि संध्याकाळी दप्तर घेऊन वर्गात येतात, त्यामुळे हाती आलेला प्रत्येक तास जपून वापरावा लागतो. गेल्या आठवड्यात नववीच्या वर्गासाठी मी आठवीतील एक भाग उजळणीला घेतला, तो म्हणजे गुणोत्तरीय बैजिक राशींचे अवयव पाडून त्यांना सरळ रूप देणे. त्या तासाला एका वहीत जे पाहिले ते येथे सविस्तर मांडावे आणि शिकवणाऱ्यांशी, तसेच घरी मुलांचा अभ्यास घेणाऱ्यांशी त्याविषयी बोलावे, असे वाटले. चलासाठी जुन्या रिवाजाप्रमाणे क्ष हेच अक्षर घेत आहे.

फळ्यावरचे उदाहरण असे होते :

(क्ष² + ५क्ष + ६) / (क्ष² − ४)

दादरच्या फूलबाजारात पहाटेपासून काम करणारा एक मुलगा माझ्या वर्गात आहे. त्याने वरच्या आणि खालच्या क्ष² वर निळ्या पेनाने एकेक तिरपी रेघ मारली होती. मग ६ आणि ४ यांना २ ने भागून सहाच्या डोक्यावर बारीक ३ आणि चाराच्या पायाशी बारीक २ लिहिला होता. खाली दोन रेघा ओढून उत्तर दिले होते : (५क्ष + ३) / (−२). अक्षर नेटके होते, खाडाखोड कुठेच नव्हती. ही चूक घाईची नव्हती. त्याला हीच रीत योग्य वाटत होती.

मी त्याला ताळा घ्यायला सांगितला, तेव्हा तो म्हणाला, "बाई, ताळा घेतलाय. क्षच्या जागी १ ठेवून बघितला, जमतोय." मी स्वतः करून पाहिले. मूळ राशीत १ ठेवल्यास १२ / (−३), म्हणजे −४ मिळतात. त्याच्या उत्तरात १ ठेवल्यास ८ / (−२), म्हणजेही −४. मग शून्य ठेवून पाहिले, तर दोन्हीकडे −३/२. क्षणभर मीच थबकले. शेवटी ३ ठेवले, तेव्हा मूळ राशीची किंमत ३० / ५, म्हणजे ६ आली आणि त्याच्या उत्तराची १८ / (−२), म्हणजे −९. तो वहीकडे बराच वेळ पाहत राहिला आणि मग त्याने विचारले, "मग काट मारायची तरी कधी?"

या प्रश्नाचे उत्तर मी त्याच्याच कामातून दिले. एका गिऱ्हाइकाला ४ हार हवे आहेत आणि प्रत्येक हारात ३० झेंडू व ५ गुलाब आहेत. दुसऱ्या गिऱ्हाइकालाही ४ हार हवे आहेत, पण त्याच्या प्रत्येक हारात १० झेंडू व ५ गुलाब आहेत. दोघांच्या फुलांचे गुणोत्तर ४(३० + ५) / ४(१० + ५) असे होते. यातला ४ काढता येतो, कारण तो दोन्हीकडे अख्ख्या हाराला गुणतो. चार हारांची तुलना केली काय किंवा एकेका हाराची केली काय, गुणोत्तर ३५ / १५, म्हणजे ७ / ३ हेच राहते. पण गुलाब दोन्हीकडे पाचच आहेत म्हणून ते काढून टाकले, तर ३० / १०, म्हणजे ३ मिळतात आणि गुणोत्तर बदलते. पाच गुलाब हे हारातले एक पद आहे, चार हा पूर्ण राशीचा अवयव आहे. पदाला काट मारता येत नाही, अवयवाला मारता येते.

त्यानंतर आम्ही मूळ उदाहरणाकडे वळलो. ज्यांचा गुणाकार ६ आणि बेरीज ५ अशा संख्या २ आणि ३, म्हणून अंश (क्ष + २)(क्ष + ३) झाला. छेद वर्गांतराचा, म्हणून (क्ष + २)(क्ष − २) झाला. आता (क्ष + २) हा संपूर्ण अंशाला गुणतो आहे आणि संपूर्ण छेदालाही गुणतो आहे, आणि (क्ष + २) / (क्ष + २) म्हणजे १, म्हणून उरते (क्ष + ३) / (क्ष − २). यात ३ ठेवल्यास ६ / १, म्हणजे ६ मिळतात. मात्र क्ष ही संख्या २ किंवा −२ नसावी, ही अट बाजूला लिहावीच लागते. येथवर आल्यावर वर्गातील दोघांनी उरलेल्या उत्तरातील क्षलाही काट मारून ३ / (−२) लिहिले, ही गोष्टही सांगितली पाहिजे.

माझ्या मते या चुकीच्या मुळाशी दोन गोष्टी आहेत. पहिली गोष्ट म्हणजे अंश आणि छेद यांच्यामधली आडवी रेघ. ती केवळ भागाकाराची खूण नसते, तर वरच्या सगळ्या पदांना एका कंसात आणि खालच्या सगळ्या पदांना दुसऱ्या कंसात बांधत असते. हे कंस डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून मुलांना वरची तीन पदे आणि खालची दोन पदे सुटी सुटी दिसतात आणि सारखी दिसणारी जोडी ती उचलून टाकतात. हाच अपूर्णांक मोबाइलवर एका ओळीत लिहायचा झाला की कंस घालावेच लागतात. म्हणून आता मी फळ्यावरही आडव्या रेघेसोबत कंस काढते.

दुसरी गोष्ट आहे ती शब्दाची. आमच्या मुलांच्या तोंडी 'कॅन्सल' हा शब्द असतो आणि मुंबईत तो रोज कानावर पडतो तो रेल्वेच्या फलाटावर. गाडी कॅन्सल झाली, म्हणजे ती नाहीशी झाली, येणारच नाही. जुन्या अंकगणितात अपूर्णांकाला 'संक्षेप देणे' असा शब्द होता, आणि त्यात राशी आटोपशीर होते पण तिची किंमत तीच राहते, हा अर्थ सरळ दिसतो. मी वर्गात आता 'दोन्हीकडे अमुक अवयवाने भागले' असे पूर्ण वाक्य म्हणायला लावते. वाक्य पूर्ण म्हटले की 'क्ष² ने भागले' म्हणताना मुलाला ५क्ष आणि ६ यांनाही क्ष² ने भागावे लागेल हे जाणवते, आणि हात थांबतो.

आपापल्या अनुभवातून आपण हा भाग कसा शिकवता, हे वाचायला आवडेल.

मुलुंडची पालक

ताई, आपण मांडलेला शब्दाचा मुद्दा मला तंतोतंत पटला, कारण काल रात्रीच आमच्या घरी त्याचा अनुभव आला. माझी मुलगी सेमी-इंग्रजीत नववीला आहे. तिला पुढील उदाहरण होते :

(क्ष² + ७क्ष + १२) / (क्ष² − ९) ÷ (क्ष + ४) / (क्ष − ३)

तिने अवयव बिनचूक पाडले, भागाकाराचा गुणाकार करून दुसरा अपूर्णांक उलटवला आणि (क्ष + ३)(क्ष + ४)(क्ष − ३) / (क्ष − ३)(क्ष + ३)(क्ष + ४) येथपर्यंत ती व्यवस्थित आली. मग तिन्ही जोड्यांना काट मारली आणि उत्तर लिहिले ०. तिचे म्हणणे असे, की सगळेच कॅन्सल झाले तर उरणार काय? मी तिला ५ / ५ किती होतात ते विचारले, तर तिने लगेच १ सांगितले. पण त्या उदाहरणाशी याचा संबंध तिला लागेना. आपले वाक्य वाचून आज सकाळी मी तिला प्रत्येक काटेच्या शेजारी बारीक १ लिहायला लावला, आणि तिने स्वतःहून उत्तर १ असे दुरुस्त केले.

एक शंका मात्र राहिली आहे. उत्तर नुसते १ असेल, तर त्यात छेदच नाही. मग क्षच्या किमतीवर अट कशासाठी लिहायची?

काळाचौकी

मी तीस वर्षे माध्यमिक वर्गांना गणित शिकवून निवृत्त झालो आहे. धागाकर्तीने केलेले निदान योग्य आहे. उपाय मात्र मी थोडा कडक ठेवत असे. अंश आणि छेद दोन्ही पूर्णपणे गुणाकाराच्या रूपात लिहून होईपर्यंत पेनाची एकही तिरपी रेघ मारायची नाही, हा माझा नियम होता. ज्या ओळीत कंसाबाहेर अधिक किंवा उणे चिन्ह दिसते, ती ओळ काट मारण्यासाठी तयार नाही. मुलांना प्रश्न असा विचारावा, की या ओळीत सर्वांत शेवटी कोणती क्रिया होणार आहे? क्ष² + ५क्ष + ६ मध्ये किंमत ठेवली तर शेवटची क्रिया बेरजेची असते; (क्ष + २)(क्ष + ३) मध्ये ती गुणाकाराची असते. शेवटची क्रिया गुणाकाराची असेल तरच संक्षेप देता येतो.

अवयव पाडण्याचा क्रमही मी ठरवून दिला होता, कारण पुष्कळ मुले एकदम वर्गत्रिपदीच्या मागे लागतात. आधी सर्व पदांत सामाईक काही आहे का ते पाहून बाहेर काढावे, मग दोनच पदे असतील तर वर्गांतर किंवा घनांचे सूत्र आठवावे, आणि तीन पदे असतील तर मधल्या पदाची फोड करावी. क्ष² चा सहगुणक १ नसला की मुले बिचकतात, पण रीत तीच आहे. उदाहरणार्थ, (६क्ष² + ११क्ष + ३) / (४क्ष² − ९) घ्या. ६ आणि ३ यांचा गुणाकार १८. ज्यांचा गुणाकार १८ आणि बेरीज ११ अशा संख्या ९ आणि २. म्हणून ६क्ष² + ९क्ष + २क्ष + ३, म्हणजे ३क्ष(२क्ष + ३) + १(२क्ष + ३), म्हणजे (२क्ष + ३)(३क्ष + १). खाली (२क्ष + ३)(२क्ष − ३) आहे, म्हणून उत्तर (३क्ष + १) / (२क्ष − ३).

चिन्हाच्या चुकीविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून तेही सांगतो, कारण उत्तरपत्रिका तपासताना ही चूक मला सर्वांत जास्त दिसली. (९ − क्ष²) / (क्ष² − ५क्ष + ६) या राशीत वर (३ − क्ष)(३ + क्ष) आणि खाली (क्ष − २)(क्ष − ३) मिळतात. काही मुले (३ − क्ष) आणि (क्ष − ३) यांना सारखे समजून काट मारतात आणि (क्ष + ३) / (क्ष − २) लिहितात. काही मुले दोन्ही वेगळे आहेत म्हणून तशीच राशी सोडून देतात. खरे पाहता ३ − क्ष म्हणजे −(क्ष − ३), म्हणून त्यांचा भागाकार −१ येतो आणि उत्तर −(क्ष + ३) / (क्ष − २) असे होते. येथे ४ ठेवून पाहावे : मूळ राशी −७ / २, उत्तरही −७ / २. या कारणासाठी मी मुलांना अवयव पाडण्यापूर्वी दोन्ही बहुपदी क्षच्या उतरत्या घातांकाने लिहायला सांगत असे. वरचे −(क्ष² − ९) असे झाले की ऋण चिन्ह आधीच बाहेर येते आणि पुढे घोटाळा होत नाही.

रात्रवर्ग

काळाचौकी सर, 'शेवटची क्रिया कोणती' हा प्रश्न मी उद्यापासून वर्गात वापरणार आहे. मला एवढेच म्हणायचे आहे, की नियम जेव्हा केवळ नियम म्हणून पाठ होतो, तेव्हा तो सोप्या उदाहरणात लगेच मोडतो. माझी मुले (क्ष² + ५क्ष + ६) मध्ये आता थांबतात, पण (५क्ष + १०) / ५ दिसले की पुन्हा क्ष + १० लिहितात, कारण तेथे अवयव पाडण्यासारखे काही आहे असे त्यांना वाटतच नाही. वरचे ५(क्ष + २) असे एकदा लिहिले की उत्तर क्ष + २ येते. शिवाय हाराचा दृष्टान्त येथे चपखल बसतो : पाच जणांत फुले वाटायची, तर झेंडूही वाटायचे आणि गुलाबही वाटायचे, झेंडू तेवढे पाच वाटे करून गुलाब सगळे एकालाच देता येणार नाहीत.

निवृत्त अभियंता

फूलबाजारातील मुलाचा ताळा १ आणि ० या दोन्ही किमतींना जमला, याचे कारण कोणी सांगितले नाही. ते पाहण्यासारखे आहे. खरे उत्तर (क्ष + ३) / (क्ष − २) आणि त्याचे उत्तर (५क्ष + ३) / (−२) ही दोन कोणकोणत्या किमतींना समान होतात ते शोधू. तिरकस गुणाकार केला, तर (५क्ष + ३)(क्ष − २) = −२(क्ष + ३), म्हणजे ५क्ष² − ७क्ष − ६ = −२क्ष − ६, म्हणजे ५क्ष² − ५क्ष = ०, म्हणजे ५क्ष(क्ष − १) = ०. ज्या दोन किमतींना चुकीचे उत्तर बरोबर ठरते, त्या नेमक्या ० आणि १ आहेत. दुसरी कोणतीही संख्या त्याने घेतली असती, तर चूक उघडी पडली असती.

शून्याच्या बाबतीत हे होणारच होते, कारण क्षच्या जागी शून्य ठेवल्यावर क्ष² ही पदे आपोआप नाहीशी होतात, मग ती खोडली काय किंवा ठेवली काय, सारखेच. १ च्या बाबतीत क्ष, क्ष² आणि क्ष³ या सगळ्यांची किंमत एकच होते, त्यामुळे घातांकाच्या चुका झाकल्या जातात; येथे तर सगळे आकडेही तसेच जुळून आले. म्हणून ताळा घेताना ० आणि १ कधीही घेऊ नयेत, आणि छेद शून्य करणारी किंमतही टाळावी. ३, ४ किंवा ५ घ्यावी. एका किमतीला ताळा जमला म्हणजे उत्तर सिद्ध झाले असे नाही, ते नुसते संशयमुक्त झाले. पण वर मिळाले तसे दुसऱ्या घाताचे समीकरण जास्तीत जास्त दोनच किमतींना खरे असू शकते, म्हणून अशा राशीत तीन वेगळ्या किमतींना ताळा जमला, तर उत्तर निश्चित बरोबर मानता येते.

चुकीच्या रीतीने बरोबर उत्तर येण्याचा प्रकार साध्या अपूर्णांकांतही आहे. १६ / ६४ मधील दोन्ही सहा खोडले, तर १ / ४ उरतात आणि उत्तर बरोबर असते. १९ / ९५ मधील नऊ खोडले तर १ / ५, २६ / ६५ मधील सहा खोडले तर २ / ५, आणि ४९ / ९८ मधील नऊ खोडले तर ४ / ८ मिळतात. हीसुद्धा बरोबरच आहेत. पण अंशाच्या एककाचा आणि छेदाच्या दशकाचा अंक असा खोडून बरोबर उत्तर देणारे दोन अंकी अपूर्णांक, जे एकापेक्षा लहान आहेत, ते हे चारच. अंशातील अंक अ आणि ब, छेदातील अंक ब आणि क मानले, तर (१०अ + ब) / (१०ब + क) = अ / क ही अट सोडवून क(९अ + ब) = १०अब मिळते, आणि एकमेकांहून वेगळे अंक घेऊन ती या चार वेळाच जमते. ६४ मधील ६ हा ६० या पदाचा भाग आहे, ६४ चा अवयव नाही. फूलबाजारातील मुलाने क्ष² च्या बाबतीत केलेली चूक आणि ही चूक एकाच जातीची आहे.

आता एक वेगळी गोष्ट. वर्गात दिलेली उदाहरणे अवयव पडतील अशीच बेतलेली असतात. पण समोर अशी राशी आली तर?

(क्ष³ + २क्ष² − ५क्ष − ६) / (क्ष³ + ३क्ष² + क्ष + ३)

येथे अवयव न पाडताही सामाईक अवयव शोधता येतो, आणि रीत आपण पाचवी-सहावीपासून जाणतो, ती म्हणजे भागाकार पद्धतीने मसावि काढणे. जो अवयव दोन्ही बहुपदींना भागतो, तो त्यांच्या वजाबाकीलाही भागतोच. अंशातून छेद वजा केला, तर −क्ष² − ६क्ष − ९ उरतात, म्हणजे −(क्ष² + ६क्ष + ९). आता छेदाला क्ष² + ६क्ष + ९ ने भागले, तर भागाकार क्ष − ३ आणि बाकी १०क्ष + ३०, म्हणजे १०(क्ष + ३) येते. पुढे क्ष² + ६क्ष + ९ ला क्ष + ३ ने निःशेष भाग जातो, म्हणून मसावि क्ष + ३. अंश आणि छेद दोन्हीला त्याने भागल्यावर उत्तर मिळते (क्ष² − क्ष − २) / (क्ष² + १). मसाविने भागले असल्यामुळे याहून अधिक संक्षेप देता येणार नाही, याचीही खात्री त्याच कृतीत मिळते. केवळ अवयव पाडून बसणाऱ्याला 'आणखी काही राहिले तर नाही ना' ही रुखरुख राहते.

काळाचौकी

अभियंता साहेब, रीत सुंदर आहे. तरी या विशिष्ट छेदात गट पाडून क्ष²(क्ष + ३) + १(क्ष + ३) असे चटकन दिसते, आणि मग (क्ष + ३) अंशाला भागतो का एवढेच तपासायचे उरते : क्षच्या जागी −३ ठेवले, तर −२७ + १८ + १५ − ६, म्हणजे शून्य, म्हणून भागतो. मुलांना आधी हे दाखवावे आणि आपली रीत त्यानंतर, म्हणजे तिची गरज त्यांना कळेल.

खहर

मुलुंडच्या ताईंची शंका अनुत्तरित राहिली आहे, आणि माझ्या दृष्टीने या विषयाचा गाभा तेथेच आहे. उत्तर १ आले तरी अट लिहायची, कारण आपण ज्या राशीचे सरळ रूप शोधत होतो ती राशी क्षच्या काही किमतींना अस्तित्वातच नव्हती. त्यांच्या उदाहरणात ३ आणि −३ ठेवल्यास पहिल्या अपूर्णांकाचा छेद शून्य होतो, आणि −४ ठेवल्यास ज्याने भागायचे तो अपूर्णांकच शून्य होतो. या तीन किमती सोडून इतर सर्व ठिकाणी राशी १ आहे. संक्षेप दिल्यामुळे छेद डोळ्यांपुढून जातो, पण मूळ राशीची अडचण जात नाही; म्हणून अटी नेहमी काट मारण्यापूर्वीच्या ओळीवरून लिहाव्यात, शेवटच्या ओळीवरून नव्हेत.

ही अट केवळ शिस्तीसाठी नाही, हे एका समीकरणाने कळेल. (क्ष² − ९) / (क्ष − ३) = ६ हे सोडवा. डावी बाजू क्ष + ३ झाली, म्हणून क्ष = ३, असे कोणीही म्हणेल. पण ३ ही किंमत मूळ समीकरणात ठेवताच ० / ० होते. या समीकरणाला उकलच नाही. दहावीला वर्गसमीकरणांचे रूप घेणारी अशी समीकरणे येतात, आणि तेथे अट न लिहिणारा विद्यार्थी नसलेली उकल लिहून येतो.

काट मारणे म्हणजे भागणे, आणि शून्याने भागता येत नाही. मग जो अवयव शून्य असू शकतो त्याचे काय करायचे, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये शून्यासह करायच्या क्रियांचे नियम दिले आणि शून्याला शून्याने भागल्यास शून्य येते असे सांगितले. आज आपण ते मानत नाही. भास्कराचार्यांनी शून्याने भागलेल्या राशीला 'खहर' हे नाव दिले, आणि येथे मी तेच नाव घेतले आहे. शके १०७२, म्हणजे इ. स. ११५० मधील त्यांच्या लीलावतीत एक उदाहरण आहे : एका संख्येला शून्याने गुणले, त्यात त्याचेच अर्धे मिळवले, तिनाने गुणले आणि शून्याने भागले, तर ६३ आले, ती संख्या कोणती? त्यांचे उत्तर १४ आहे. १४ आणि ७ मिळून २१, त्याची तिप्पट ६३. म्हणजे त्यांनी वरचे शून्य आणि खालचे शून्य यांना परस्पर काट दिली. त्यांचा नियम असा होता, की पुढे आणखी क्रिया करायच्या असतील, तर शून्याने गुणून राशी लगेच शून्य करू नये, शून्य हा गुणक तसाच उभा ठेवावा, आणि नंतर शून्य भाजक म्हणून आले, तर राशी अविकृत समजावी. या गणिताचा ग्रहगणितात मोठा उपयोग आहे, असेही त्यांनी सांगितले आहे.

आजच्या भाषेत त्या उभ्या ठेवलेल्या शून्याच्या जागी (क्ष − ३) सारखा अवयव ठेवावा. क्ष ३ च्या कितीही जवळ असला, पण ३ नसला, तर तो अवयव शून्य नसतो आणि काट मारणे निर्दोष असते. ३.०१ ठेवले तर (क्ष² − ९) / (क्ष − ३) ची किंमत ६.०१ येते, ३.००१ ठेवले तर ६.००१. नेमक्या ३ वर मात्र राशीला किंमत नाही. तिच्या आलेखात तेथे एका बिंदूएवढे छिद्र राहते. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापल्याची नोंद करणारा चाळीसगावजवळच्या पाटण्याचा १२०७ चा शिलालेख ज्यांनी अभ्यासकांपुढे आणला, त्या डॉ. भाऊ दाजी लाड यांचेच नाव भायखळ्याच्या राणीच्या बागेतील संग्रहालयाला आहे. मुलांना तेथे नेणाऱ्या शिक्षकांनी त्या दारात हे उदाहरण जरूर सांगावे.

मुलुंडची पालक

आता उलगडा झाला. मुलीने आज 'क्ष ≠ ३, −३, −४' असे उदाहरण उतरवून घेतल्याबरोबर सर्वांत वर लिहिले आणि मगच अवयव पाडायला घेतले. −४ कोठून आला हे मात्र तिला दोनदा समजावावे लागले, कारण तो छेदात नव्हता, अपूर्णांक उलटवल्यावर छेदात आला.

रात्रवर्ग

खहर यांचा प्रतिसाद मी वर्गात वाचून दाखवला. फूलबाजारातील मुलाने ६३ चे उदाहरण वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घेतले. त्यानंतर मी त्याला मुद्दाम दोनदा येणाऱ्या अवयवाचे उदाहरण दिले :

(क्ष² − ९) / (क्ष² − ६क्ष + ९)

त्याने क्ष² ला हात लावला नाही. वर (क्ष − ३)(क्ष + ३), खाली (क्ष − ३)(क्ष − ३) असे कंस काढले, एका जोडीला काट मारून दोन्हीकडे बारीक १ लिहिला आणि (क्ष + ३) / (क्ष − ३) येथे थांबला. मग म्हणाला, "वरती एकच होता, म्हणून खालचा एकच गेला. पण बाई, खालचा दुसरा अजून आहे. मग ३ वर छिद्र कसं?" हा प्रश्न मी विचारणार होते, तो त्याने आधीच विचारला.

मी त्याला उत्तर न देता खहर यांच्याप्रमाणे ३ च्या जवळच्या किमती काढायला सांगितल्या. मोबाइलवर आकडेमोड करून त्याने ३.०१ साठी ६०१ आणि ३.००१ साठी ६००१ काढले. आधीच्या उदाहरणात ६.०१ आणि ६.००१ आले होते, येथे राशी सहाच्या आसपास न राहता वाढत सुटते, हे त्याने दोन्ही रांगा शेजारी शेजारी लिहून शेजारच्या मुलाला दाखवले. मग २.९९ ठेवून पाहिले, तर −५९९ आले. त्याला वाटले बटण चुकीचे दाबले गेले, म्हणून पुन्हा केले, पुन्हा −५९९. वर ५.९९ आणि खाली −०.०१ असे कागदावर लिहिल्यावर त्याच्या लक्षात आले, की ३ च्या अलीकडे उरलेला (क्ष − ३) ऋण असतो आणि पलीकडे धन.